प्रत्येकाच्या वाट्याची मिनिटं : विद्यापीठात परदेशी भाषा शिकवणाऱ्यांसाठी, करोनाकाळाने शिकवलेलं

आधी एक साधं गणित. वर्गात ३० विद्यार्थी आहेत आणि लेक्चर ६० मिनिटांचं. हजेरी आणि "मॅडम, आवाज येत नाहीये" यात १० मिनिटं जातात. उरलेल्या ५० पैकी निम्मा वेळ शिक्षक बोलतात (हा अंदाज शिक्षकाची बाजू घेऊन केला आहे). राहिली २५ मिनिटं. मुलं एकामागून एक बोलली, तर प्रत्येकाच्या वाट्याला ५० सेकंद येतात. आठवड्यात चार लेक्चरं असतील, तर तीन मिनिटं वीस सेकंद. तेवढ्यात चहासुद्धा नीट उकळत नाही.

अर्थशास्त्राच्या वर्गात हे गणित एवढं टोचत नाही. तिथे वर्षभर तोंड न उघडता विषय समजू शकतो. भाषेचं तसं नाही. मी पुण्यात पदवीच्या मुलांना जर्मन शिकवते. २४ मार्च २०२०च्या रात्री टाळेबंदी जाहीर झाली आणि पुढचे दोन महिने मीही सगळ्यांसारखंच केलं. पुस्तक कॅमेऱ्यासमोर धरलं आणि चाळीस काळ्या चौकोनांना व्याकरण समजावत बसले. जूनमध्ये तोंडी परीक्षा घेतली. प्रत्येक ऑनलाइन चाचणीत पैकीच्या पैकी गुण मिळवणाऱ्या मुलीला "आत्ता किती वाजले?" एवढं विचारलं. ती गप्प. चूक तिची नव्हती. तीन महिन्यांत तिने एकदाही जर्मनमध्ये कुणाला वेळ विचारली नव्हती आणि तिलाही कुणी विचारली नव्हती.

तेव्हापासून मी तासाचं नियोजन करताना एकच हिशेब धरते : आज प्रत्येकाच्या वाट्याला बोलण्याची किती मिनिटं आली? पुढच्या सगळ्या पायऱ्या त्या हिशेबातून आल्या आहेत. उदाहरणं जर्मनची आहेत, पण फ्रेंच, जपानी, स्पॅनिश, रशियन शिकवणाऱ्यांना ती आपापल्या भाषेत सहज बसवता येतील.

पहिली पायरी : मुलं कुठे बसून बोलणार आहेत ते विचारा

"लॅपटॉप आहे का, नेट आहे का" हा फॉर्म सगळेच भरून घेतात. मीही घेतला. त्यातून महत्त्वाची गोष्ट सुटली, ती म्हणजे बोलायला जागा आहे का. दीड खोलीच्या घरात वडील घरून काम करत आहेत, धाकट्या भावाची शाळा दुसऱ्या फोनवर चालू आहे आणि आजी टीव्हीसमोर बसली आहे. अशा घरात एकोणीस वर्षांच्या मुलाने ओठांचा चंबू करून विचित्र स्वर मोठ्याने काढायचे म्हणजे केवढी लाज! एक मुलगा जिन्यात बसून बोलायचा, एक मुलगी गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे. साताऱ्याकडचा एक जण रेंजसाठी शेताच्या बांधावर जायचा. त्याच्या आवाजाबरोबर आम्हा सगळ्यांना मोरही ऐकू यायचे.

म्हणून चारच प्रश्न विचारा. फोन तुझा एकट्याचा आहे की घरात वाटून वापरता? दिवसाला किती डेटा मिळतो? मोठ्याने बोलता येईल अशी जागा कुठे आणि किती वाजता मिळते? आणि कॅमेरा सुरू करायला अडचण आहे का? कारण विचारू नका. या चौथ्या प्रश्नाचं उत्तर शिक्षकापुरतंच ठेवा.

डेटाचं गणितही करून ठेवा. गटाच्या व्हिडिओ कॉलला तासाला साधारण अर्धा ते एक जीबी जातो. त्या वर्षी बऱ्याच मुलांकडे दिवसाला दीड जीबीचा पॅक होता. दिवसात तीन लेक्चरं व्हिडिओवर झाली की तिसऱ्यात निम्मा वर्ग गळणारच. माझं लेक्चर तिसरं असायचं.

दुसरी पायरी : थेट तासात काय आणि बाहेर काय, हे ठरवा

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची आहे आणि करोना नसतानाही करायला हवी होती. एक कागद घ्या. त्यावर या आठवड्यात शिकवायच्या गोष्टी लिहा आणि प्रत्येकीसमोर एक प्रश्न टाका : यासाठी दोन माणसं एकाच वेळी हजर असायला हवीत का?

व्याकरण समजावून सांगायला नकोत. नव्या शब्दांची यादी वाचून दाखवायला नकोत. उतारा वाचायला, ध्वनिफीत ऐकायला, निबंध तपासून परत द्यायलाही नकोत. प्रश्न विचारणं, गैरसमज दूर करणं, भाव करणं, नाही म्हणणं, पत्ता सांगणं, समोरच्याला मध्येच थांबवणं, यांना मात्र दुसरं माणूस लागतंच. थेट तास या कामांसाठी राखून ठेवा.

व्याकरणाच्या मी छोट्या ध्वनिचित्रफिती केल्या. सहा-सात मिनिटांच्या, फोनवरच केलेल्या. एका फितीत एकच मुद्दा. आणि त्या मराठीत केल्या. यावरून सहकाऱ्यांशी माझा वाद झाला, कारण परदेशी भाषा त्याच भाषेतून शिकवावी असं आम्हा सगळ्यांच्या मनावर बिंबलेलं आहे. माझं म्हणणं असं की थेट तासात जर्मनच बोलायचं असेल, तर समजावणं मराठीत उरकून घ्यावं. शिवाय मराठी इथे खरोखर कामी येते. जर्मनमध्ये गौण वाक्यातलं क्रियापद शेवटी जातं. इंग्रजीतून समजावलं तर ते मुलांना उफराटं वाटतं. पण "कारण मला आज वेळ नाही" आणि "वाइल इश हॉइटं काइनं त्साइट हाबं" एकाखाली एक लिहा. दोन्हीकडे क्रियापद शेवटी आहे. डेर, डी, दास या तीन लिंगांचंही तसंच. तीन लिंगं असतात हे मराठी मुलाला वेगळं सांगावं लागत नाही, फक्त ती मराठीशी जुळत नाहीत एवढंच सांगायचं. "ते पोरगं" म्हणणाऱ्याला जर्मनमध्ये मुलगी नपुंसकलिंगी असते याचा धक्का बसायचं कारण नाही.

ऐकण्याच्या सरावासाठी तयार साहित्य भरपूर आहे. डॉइच वेले या जर्मन प्रसारण संस्थेच्या संकेतस्थळावर सावकाश वाचलेल्या बातम्या मजकुरासकट फुकट मिळतात. फक्त "ऐका" म्हणून लिंक टाकू नका. ऐकून काय करून आणायचं ते सांगा : तीन शहरांची नावं, एक आकडा आणि न कळलेला एक शब्द.

आणि अभ्यासक्रमाला कात्री लावा. जगभर जर्मन शिकवणाऱ्या ग्योथं संस्थेच्या अंदाजानुसार ए१ (युरोपच्या भाषा-आराखड्यातली सगळ्यात पहिली पातळी, त्यानंतर ए२) गाठायला ४५ मिनिटांचे ८० ते २०० तास लागतात. ज्या सत्राचे निम्मे तास विस्कळीत होणार आहेत, त्यात सगळं बसवायला गेलात तर काहीच पक्कं होणार नाही. मी वर्तमानकाळ, प्रश्नरचना, "शकतो-हवं-पाहिजे"ची क्रियापदं, कर्म विभक्ती आणि साधा भूतकाळ सांगण्यापुरता पर्फेक्ट एवढं राखलं. षष्ठी आणि विशेषणांचे प्रत्यय पुढच्या वर्षावर ढकलले. विशेषणाचा प्रत्यय चुकला म्हणून बर्लिनमध्ये कुणाला भाकरी मिळाली नाही, असं अजून ऐकलेलं नाही.

तिसरी पायरी : थेट तास मिनिटांत मांडा

ऑनलाइन साठ मिनिटं कुणालाच पेलत नाहीत. पन्नास पुरतात. माझा तास साधारण असा जातो.

पहिल्या पाच मिनिटांत चॅटमध्ये एक प्रश्न असतो, उदाहरणार्थ "आज सकाळी काय खाल्लंस?" उत्तर जर्मनमध्ये टाइप करायचं, तीच हजेरी. रेंजमुळे उशिरा येणाऱ्याचं यात काही बुडत नाही. पुढची दहा मिनिटं मी एका विद्यार्थ्याबरोबर संवाद करून दाखवते. त्यात मुद्दाम एक-दोन चुका करते आणि त्या सुधारूनही घेते. मग वीस मिनिटं जोड्यांमध्ये काम. मग दहा मिनिटं सगळे एकत्र. दोन जोड्या आपलं काम ऐकवतात आणि मी टिपून ठेवलेल्या चुका नावं न घेता पडद्यावर मांडते. शेवटची पाच मिनिटं निरोपाच्या वाक्याला : आज जमलेलं एक वाक्य फक्त मलाच दिसेल असं पाठवायचं.

आता गणित परत करा. वीस मिनिटं जोडीत म्हणजे प्रत्येकाला दहा मिनिटं. पन्नास सेकंदांवरून दहा मिनिटं.

एकत्र बोलताना पडद्यावर एक वेगळी अडचण येते. सहज गप्पांमध्ये एकाचं बोलणं संपल्यावर दुसरा सरासरी सेकंदाच्या पाचव्या भागात सुरुवात करतो. वेगवेगळ्या दहा भाषांच्या अभ्यासात हे आढळलं आहे. आवाज नेटवरून पोचायलाच कधी कधी त्याहून जास्त वेळ लागतो. मग दोघे एकदम बोलतात, दोघे एकदम थांबतात, "तू बोल, तू बोल" होतं आणि शेवटी शिक्षकच बोलतात. उपाय दोन. बोलण्याचा क्रम आधीच चॅटमध्ये लिहून टाका. आणि प्रश्न विचारल्यावर मनात सातपर्यंत मोजा. सात आकडे फार लांब वाटतात, पण पाचव्या-सहाव्याला बहुतेक वेळा कुणीतरी म्यूट काढतं.

चौथी पायरी : उच्चारांसाठी वेगळी सोय करा

वर्गात आपण सगळ्यांकडून एका सुरात म्हणवून घेतो. ऑनलाइन ते विसरा. ॲप मोजक्याच आवाजांना वाट देतं आणि बाकीचे पुढेमागे होतात, त्यामुळे ऐकू येतो तो गोंधळ. सगळ्यांनी म्यूटवर राहून माझ्यामागून मोठ्याने म्हणायचं, असं करता येतं. मला काही ऐकू येत नाही, पण त्यांची जीभ तरी वळते.

दुसरी खोच गोंगाट गाळणाऱ्या सोयीत आहे. पंख्याची घरघर आणि "स", "श" यांसारखी घर्षक व्यंजनं त्या यंत्राला नीट वेगळी ओळखता येत नाहीत. जर्मनमध्ये चर्चला आणि चेरीला जे शब्द आहेत, त्यांत फरक फक्त मधल्या घर्षक व्यंजनाचा. चेरीमध्ये मराठीसारखा "श" आहे, चर्चमध्ये टाळूजवळून हलकेच सोडलेली हवा. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांना हे दोन शब्द एकच ऐकू येत होते. मी त्यांच्या कानाला दोष देत राहिले आणि नंतर कळलं की फरक माझ्या बाजूलाच गाळला जात होता. झूममध्ये "ओरिजिनल साउंड"ची सोय आहे. उच्चाराच्या तासाला शिक्षकाने ती सुरू करावी, पंखा बंद करावा आणि घाम पुसत शिकवावं.

उच्चाराचा खरा सराव व्हॉट्सॲपच्या व्हॉइस नोटवर झाला. आठवड्याला दोन, प्रत्येकी ३० ते ४० सेकंद. पहिलीत मी दिलेली चार वाक्यं वाचायची, दुसरीत स्वतःचं काहीतरी सांगायचं. व्हॉइस नोटला डेटा नगण्य लागतो, रेंज नसेल तर ती नंतर जाते आणि पाठवण्याआधी मुलं ती पाच-सहा वेळा पुसून पुन्हा बोलतात. त्या पुन्हा बोलण्यातच सराव होतो. उत्तर म्हणून मीही वीस सेकंदांची व्हॉइस नोट पाठवायचे, त्यात एकच दुरुस्ती. चाळीस मुलांना वीस-वीस सेकंद म्हणजे बोलायला चौदा मिनिटंही लागत नाहीत. ऐकायला मात्र दोन नोटा धरून पाऊण-एक तास जातो. भांडी घासताना हेडफोन लावून ऐकता येतं.

मराठी तोंडाला काय जड जातं आणि काय आयतं मिळतं, याची यादी करून ठेवा. जर्मन झेड हा "त्स" असतो. इंग्रजीच्या सवयीने मुलं तो "झ" वाचतात. त्यांना "चाक, चोर, चूक"मधला च म्हणायला सांगा, "त्साइट" आणि "त्सूक" लगेच जमतात. "फ" अवघड, कारण आपण तो दोन्ही ओठ मिटून फुलातला फ म्हणतो आणि तिथे वरचे दात खालच्या ओठाला लागावे लागतात. स्वरांतले दोन नवे. "ई" म्हणत राहायचं आणि जीभ न हलवता ओठ "ऊ"सारखे गोल करायचे. मग "ए" म्हणत ओठ "ओ"सारखे. "आधीच" आणि "सुंदर" या अर्थांच्या जर्मन शब्दांत (शोन, श्योन) फरक फक्त या दुसऱ्या स्वराचा आहे. "तू आधीच आहेस" असं मुलाखतीत ऐकलं, की कुणीतरी कौतुक करू पाहतंय हे मी आता ओळखते.

हे सगळं ओठांचं काम आहे आणि इथे पडद्याचा फायदा झाला. चेहरा जवळून दिसतो, मास्क नसतो. तास सुरू व्हायच्या आधी कॅमेरा तोंडाच्या उंचीवर आणा. खिडकी पाठीमागे नको, समोर हवी. माझा पहिला महिना खिडकीकडे पाठ करून गेला आणि मुलांना माझी काळी सावलीच दिसत होती.

लिपी शिकवणाऱ्यांसाठी एक जुगाड : स्टीलच्या दोन उंच डब्यांवर लाकडी पट्ट्या आडव्या ठेवा, त्यांवर फोन पालथा, कॅमेरा खाली कागदाकडे. जपानी कांजीतल्या रेघांचा क्रम किंवा सिरिलिक हस्ताक्षर दाखवायला याहून महागडं काही लागत नाही.

पाचवी पायरी : ब्रेकआउट रूममधली शांतता मोडा

"जोडीत बोला" असं सांगून मुलांना ब्रेकआउट रूममध्ये, म्हणजे कॉलमधल्याच छोट्या वेगळ्या खोल्यांत पाठवलं, की तिथे काय होतं हे मी एकदा न सांगता आत शिरून पाहिलं. दोघंही म्यूटवर. एक जण जेवत होता.

त्यांना बोलायला कारण हवं. दोघांकडे वेगवेगळी माहिती द्या आणि ती एकमेकांकडून मिळवल्याशिवाय काम पुरं होणार नाही अशी रचना करा. एकाकडे रेल्वेचं अर्धं वेळापत्रक, दुसऱ्याकडे उरलेलं अर्धं, आणि दोघांनी मिळून म्युनिकला दुपारी दोनच्या आत पोचायचं. किंवा एकाकडे खोलीचं चित्र आणि दुसऱ्याने ऐकून ते काढायचं. ही कार्डं प्रत्येकाला व्हॉट्सॲपवर खासगी पाठवा. कामातून काहीतरी हाती यायला हवं : सगळ्यांच्या सामायिक कागदावर प्रत्येक जोडीची एक ओळ. तो कागद उघडा ठेवला, की कोणती खोली चालू आहे आणि कोणती झोपली आहे ते शिक्षकाला न शिरताच दिसतं. जोड्या दोन आठवडे बदलू नका. अनोळखी माणसाशी परक्या भाषेत बोलण्याची भीती दुहेरी असते.

कॅमेऱ्याची सक्ती करू नका. मी केली होती आणि एका मुलीने येणंच बंद केलं. नंतर कळलं की तिच्या मागे भिंत नव्हती, गोठा होता. उच्चाराच्या पाच मिनिटांत ज्यांना जमेल त्यांनी सुरू करावा, एवढंच आता म्हणते.

सहावी पायरी : परीक्षा बदला, नाहीतर वरचं सगळं फुकट

मुलं परीक्षेत विचारलं जातं तेच शिकतात. सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑगस्ट २०२० रोजी अंतिम वर्षाच्या परीक्षा घ्याव्या लागतील हे स्पष्ट केलं आणि राज्यातल्या विद्यापीठांनी त्या ऑक्टोबरच्या सुमारास बहुतांशी बहुपर्यायी पद्धतीने घेतल्या. त्या घाईत दुसरं काय करणार, हे मान्य. पण भाषेसाठी ती सवय पुढे टिकू देऊ नका. जर्मनमध्ये लिंग दाखवणारी मूळ उपपदं तीनच : डेर, डी, दास. अजिबात अभ्यास न करता डोळे मिटून टिचकी मारली, तरी तीनातला एक अंदाज बरोबर येतो.

तोंडी परीक्षा जोडीने घ्या. चाळीस विद्यार्थ्यांना एकेकटं आठ मिनिटं दिली तर पाच तास वीस मिनिटं लागतात. वीस जोड्यांना बारा मिनिटं दिली तर चार तास. वेळ वाचतो आणि समोरच्याला प्रतिसाद देणंही तपासता येतं. वीस गुण चार भागांत : सांगितलेलं काम पार पडलं का, उच्चार कळण्याजोगा आहे का, शब्द आणि व्याकरण, आणि जोडीदाराचं ऐकून बोलणं. व्याकरणाला पाचच गुण ठेवल्यावर ओरड होईल. होऊ द्या.

समोर चिठ्ठी ठेवून वाचणाऱ्यांवर पहारा ठेवण्यात वेळ घालवू नका. पाठ करून आणता येणार नाही असं विचारा. "तुझ्या खिडकीतून आत्ता काय दिसतंय?" या एका प्रश्नात वर, खाली, मागे, शेजारी अशी सगळी शब्दयोगी अव्ययं येतात. उत्तर कुठल्या गाइडमध्ये छापलेलं नसतं.

लेखनाचं दुखणं करोनात सुरू झालं आणि नंतर वाढलं. गूगल ट्रान्सलेट आधीपासून होतं, डीपएल हे दुसरं भाषांतराचं यंत्र २०१७ मध्ये आलं, पण घरून परीक्षा सुरू झाल्यावर ती मुलांच्या हाताशी येऊन बसली. ३० नोव्हेंबर २०२२ ला चॅटजीपीटी आलं आणि ए१च्या मुलाच्या वहीत जर्मन वर्तमानपत्राचा अग्रलेख दिसू लागला. यंत्राने लिहिलेलं ओळखून देणारी साधनं भरवशाची नाहीत. त्यांच्या जिवावर कुणावर आरोप करू नका. मी असं करते. पहिला खर्डा वर्गातच, हाताने, पंधरा मिनिटांत, साधारण साठ-सत्तर शब्दांचा. त्याचा फोटो मी ठेवून घेते. घरी गेल्यावर यंत्र वापरायची मोकळीक. पण यंत्राने केलेल्या तीन दुरुस्त्या खुणा करून आणायच्या आणि त्या का केल्या ते मराठीत किंवा इंग्रजीत लिहायचं. गुण खर्ड्याला आणि त्या तीन कारणांना, अंतिम प्रतीला नाहीत. "यंत्राने इथे उगाच बदललं, माझंच बरोबर होतं" असं लिहिणारा पहिला विद्यार्थी भेटला, त्या दिवशी मी घरी जाताना पेढे नेले.

सातवी पायरी : परत वर्गात आल्यावर

राज्यातली महाविद्यालयं २० ऑक्टोबर २०२१ पासून पुन्हा उघडू लागली. दीड वर्ष ज्यांचे ओठ मी पडद्यावर जवळून पाहत होते, ती मुलं समोर येऊन बसली आणि मास्कमुळे ओठ दिसेनासे झाले. नवे स्वर कसे शिकवायचे? फोनवर स्वतःच्या तोंडाचं चित्रण करून आणायला सांगितलं आणि वर्गात ते भिंतीवर दाखवलं. २ एप्रिल २०२२ ला, ऐन गुढीपाडव्याला, मास्कची सक्ती उठली, तोवर असंच चाललं.

पहिले दोन आठवडे नवं काही शिकवू नका. प्रत्येकाशी तीन मिनिटं बोला : नाव अक्षरं सांगून लिहून घ्यायला लावणं, वेळ, एखाद्या वस्तूची किंमत, काल काय केलं आणि मला उलटा एक प्रश्न. माझ्या वर्गात वाचन आणि ऐकणं अपेक्षेपेक्षा चांगलं निघालं, बहुधा हेडफोनमुळे. हाताने लिहिणं आणि अचानक विचारल्यावर उत्तर देणं मात्र खचलं होतं. कागदावर ए२ झालेल्यांपैकी बरेच जण बोलण्यात ए१च्या मध्यावर होते. म्हणून सगळा पाठ पुन्हा शिकवायची गरज नव्हती. बोलण्याचा तेवढा अनुशेष भरायचा होता.

अर्धा वर्ग समोर आणि अर्धा पडद्यावर, असा तास टाळता येत असेल तर टाळा. दोघांनाही अर्धाच शिक्षक मिळतो. टाळता येत नसेल, तर पडद्यावरच्यांच्या जोड्या पडद्यावरच लावा, समोरच्यांच्या समोर. लॅपटॉप टेबलावर न ठेवता एखाद्या बाकावर विद्यार्थ्यासारखा ठेवा. शेजारी बसणाऱ्याने आठवडाभर त्याची जबाबदारी घ्यायची : चॅट वाचून दाखवणं आणि फळा दिसतोय का ते विचारणं.

काय टिकवायचं

व्हॉइस नोट टिकवा. वर्गात तोंड न उघडणारी काही मुलं तिथे धीटपणे बोलतात आणि ती धिटाई एक-दोन सत्रांत वर्गात येते. व्याकरणाच्या फिती टिकवा, फक्त दरवर्षी एखादी नव्याने करा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) मे २०२१ च्या मिश्र अध्यापनाच्या टिपणात ४० टक्क्यांपर्यंत भाग ऑनलाइन करण्याची कल्पना मांडली होती. विभागात हा विषय निघाला, तर कोणते ४० टक्के हे भाषेच्या शिक्षकांनीच सांगावं. नाहीतर वेळापत्रक करणारे नेमका संभाषणाचा तास ऑनलाइन टाकतील, कारण "त्याला फळा लागत नाही". युरोपच्या सामायिक भाषा-आराखड्याच्या २०२० च्या पुरवणीत ऑनलाइन संवादाचे वेगळे निकष आले आहेत. म्हणजे चॅटवर किंवा कॉलवर बोलणं हे आता स्वतंत्र कौशल्य आहे आणि ते शिकवताना अपराधी वाटून घ्यायला नको.

आणि पाहुणे टिकवा. पूर्वी जर्मनीतून कुणी पुण्यात आलं, तरच मुलांना परका आवाज ऐकायला मिळायचा. आता श्टुटगार्टमधल्या एखाद्या परिचारिकेला किंवा तिथे शिकणाऱ्या आपल्याच जुन्या विद्यार्थ्याला अर्धा तास बोलवता येतं. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये बाडेन-वुर्टेंबेर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळासाठी करार केला, तेव्हापासून तर मुलांचे प्रश्न फारच थेट असतात : घरभाडं किती, थंडी किती, वरिष्ठांना "तू" म्हणायचं की "आपण"? पाहुण्यांना भाषण करू देऊ नका. मुलांनी प्रश्न विचारायचे, पाहुण्यांनी उत्तरं द्यायची, आणि मग पाहुण्यांनीही प्रत्येकी एक प्रश्न विचारायचा.

वेळ ठरवताना एक लक्षात ठेवा. उन्हाळ्यात जर्मनी आपल्या साडेतीन तास मागे असते. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं मागे जातात आणि मार्चच्या शेवटच्या रविवारपर्यंत फरक साडेचार तासांचा होतो. मी सप्टेंबरमध्ये एका बाईंशी नोव्हेंबरची वेळ ठरवली : त्यांची दुपारी दीड, आपली संध्याकाळी पाच. त्या दिवशी आम्ही पाचला जमलो. त्या अगदी वेळेवर, त्यांच्या दीडला आल्या, तेव्हा आपल्याकडे सहा वाजले होते आणि खोलीत नऊ मुलं उरली होती. आता निमंत्रणात दोन्हीकडची वेळ लिहिते आणि आदल्या दिवशी मुलांकडूनच जर्मनमध्ये विचारून घेते : तुमच्याकडे आत्ता किती वाजले?